एका आवाजी संदेशात तीन भांडणं: सत्तरीतल्या काजू कारखान्याचं प्रकरण

सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या काजू कारखान्यात २०२३ साली घडलेलं हे प्रकरण. कायद्याचे नियमही तेव्हाचेच दिले आहेत, नंतरचे बदल शेवटी आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालकांना कारखान्यात सगळे ‘भाई’ म्हणतात, इथेही तसंच म्हणतो. कामगाराला मुकादम म्हणू. मी मालकांचा सल्लागार म्हणून या प्रकरणात आलो, पण लिहिताना दोघांचीही बाजू मांडली आहे. गोव्यात दहा-वीस माणसांवर चालणारे असे कारखाने, बेकऱ्या, गॅरेज, सुतारशाळा गावोगाव आहेत आणि यातली निदान एक तरी गोष्ट त्यातल्या बहुतेक मालकांच्या दारात आज उभी आहे.

पार्श्वभूमी

भाईंचे वडील काजूच्या बागा पावणीत, म्हणजे लिलावात, घेत आणि बिया व्यापाऱ्याला विकत. बी बाहेर जाते आणि नफाही तिच्याबरोबर बाहेर जातो, हे ओळखून भाईंनी २००८ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. एक छोटा बॉयलर, बिया फोडायची सहा यंत्रं, गर सुकवायचा बोर्मा आणि प्रतवारीची लांब टेबलं एवढा पसारा. कामाला चार पुरुष आणि चौदा बायका. पुरुषांना महिन्याचा पगार, बायकांना किलोवर मजुरी. सहा जणी फोडणीला, आठ जणी सोलणी आणि प्रतवारीला.

मुकादम चंदगडचा. जून २०१० मध्ये आला. बिया उकडणं, बॉयलर पेटवणं, बोर्म्यात ट्रे लावणं, तापमान सांभाळणं ही त्याची मुख्य कामं. शिवाय बायकांनी फोडलेला, सोललेला माल काट्यावर घेऊन वहीत मांडणं. शेवटचा पगार महिना १८,२०० रुपये, थेट बँकेत. नेमणुकीचं पत्र कधी दिलं नव्हतं. पगारात मूळ किती, भत्ता किती, ही फोडही कागदावर नव्हती.

२०११ पासून तो बायको-मुलांसह कारखान्याशेजारच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत), मंगळुरी कौलांच्या दोन खोल्यांत राहत होता. भाडं नाही. वीज कारखान्याच्या मीटरवरून ओढलेली. त्याची बायको भाईंच्या आईला कुळागरात हात लावायची, पाणी सोडायची, सुपारी वेचायची. तिला पगार नव्हता. नारळ, सणाला लुगडं आणि अडीनडीला पैसे मिळत. बारा वर्षं कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

काय घडलं

३१ जुलै २०२३. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या मागणीमुळे बोर्मा रात्रीही चालू होता. मुकादम सकाळी सहापासून उभा होता. रात्री अकराच्या सुमारास तो पोत्यांवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. बोर्म्याचं तापमान चढत गेलं आणि पहाटेपर्यंत अख्खा घाणा करपला. करपलेला गर वाया जात नाही, पण त्याची प्रत उतरते आणि दर पडतो. भाईंच्या हिशेबाने नुकसान साठ हजारांचं होतं.

सकाळी भाईंनी त्याला मोबाइलवर आवाजी संदेश पाठवला: “उद्यापासून कामाला यायचं नाही. झालेलं नुकसान पगारातून कापून घेतो. आणि आठ दिवसांत खोली खाली कर.”

संदेश संतापात पाठवलेला होता आणि साठ हजारांचा माल डोळ्यांदेखत काळा पडलेला पाहणाऱ्या माणसाचा संताप मला समजतो. पण त्या तीन वाक्यांत तीन वेगळे कायदे आणि तीन वेगळी कार्यालयं आहेत. पहिलं वाक्य नोकरीचं, दुसरं पैशांचं, तिसरं राहत्या घराचं. पुढचे चार महिने या तिन्हींची एकमेकांत बसलेली गाठ सोडवण्यात गेले.

जुलैचा पगार भाईंनी थांबवला. नवव्या दिवशी खोलीकडे जाणारी वीजवाहिनी कारखान्यातून काढली. मुकादमाची मुलगी नववीत होती, मुलगा सहावीत. गावात खाणीवरच्या युनियनमध्ये आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी मुकादमाला दोन अर्ज लिहून दिले: एक कामगार कार्यालयाला, बेकायदा कामावरून काढल्याबद्दल, आणि दुसरा वाळपईच्या मामलेदारांना, आपली मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा आणि घरातून काढण्यापासून कायद्याचं संरक्षण असलेला माणूस, म्हणून नोंद करावी असा. दुसऱ्या अर्जाने भाईंची झोप उडाली.

लेखापालांचं उत्तर

भाई माझ्याकडे आले तेव्हा कामगार कार्यालयाला द्यायचं उत्तर तयार होतं. त्यांच्या लेखापालांनी मेहनतीने लिहिलेलं होतं आणि त्यात चार मुद्दे होते. मुकादम हा कामगार नसून ठेकेदार आहे. ठेकेदार नसला तरी तो पर्यवेक्षक आहे. कारखाना हंगामी आहे. आणि कारखान्यात कामगार चारच आहेत, म्हणून ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार द्यायच्या रकमेचा) कायदा लागूच होत नाही.

हे उत्तर जाऊ द्यायचं की थांबवायचं, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय होता. आम्ही भाईंच्याच कागदांवर एकेक मुद्दा तपासला.

ठेकेदाराचा मुद्दा बँकेच्या उताऱ्यावरच पडला. दर महिन्याच्या नोंदीपुढे ‘सॅलरी’ असं लिहिलेलं होतं. ठेक्याचा करार नाही, बिल नाही, कर कापलेला नाही.

पर्यवेक्षकाच्या मुद्द्यात थोडा दम होता. औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिना दहा हजारांहून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जात असे. पण न्यायालय हुद्द्याचं नाव पाहत नाही, दिवसातला मोठा भाग माणूस कोणतं काम करतो ते पाहतं. आमचा मुकादम बॉयलरमध्ये टरफलं घालायचा, ट्रे उचलायचा. माणसं नेमणं, रजा देणं, शिस्तीची कारवाई करणं यातलं काहीही त्याच्या हाती नव्हतं. वजनाची वही लिहिली म्हणून तो पर्यवेक्षक ठरला नसता. शिवाय ग्रॅच्युइटीला हा भेद लागू नाही. तिथे पर्यवेक्षकही येतो आणि व्यवस्थापकही.

हंगामाचं म्हणाल तर गोव्याची काजू बी साधारण मार्च ते मे या काळात येते हे खरं. पण बी साठवली जाते आणि कारखाना वर्षभर चालतो. भाईंची वीजबिलं पावसाळ्यातही मार्चइतकीच होती आणि हे सगळं प्रकरण सुरू झालं तेच मुळी जुलैच्या रात्री चालू असलेल्या बोर्म्यावरून. हंगामी आस्थापनेत दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी असते, बारमाही आस्थापनेत दर वर्षाला पंधरा दिवसांची. तो दुप्पट फरक वाचवायचा मोह मला कळत होता, पण आपल्याच बिलांविरुद्ध आपण काय बोलणार?

चौथा मुद्दा सगळ्यात धोक्याचा होता. किलोवर मजुरी घेणाऱ्या बायका कामगार नाहीत, ही समजूत गोव्यातल्या काजू धंद्यात घट्ट बसली आहे. ती चूक आहे. कारखान्याच्या जागेत, मालकाच्या यंत्रावर, मालकाच्या मालावर, त्याच्या वेळेत काम करणारी बाई कामगारच आहे. मजुरी मोजायची पद्धत बदलली म्हणून नातं बदलत नाही. भाईंच्या वहीत रोजच्या तारखेखाली त्या चौदा जणींची नावं आणि पुढे किलो लिहिलेले होते: कोणाचे अकरा, कोणाचे नऊ, आणि गैरहजर असेल तिथे आडवी रेघ. ती हजेरीच होती. अठरा माणसं म्हटल्यावर ग्रॅच्युइटीला लागणारी दहाची संख्या कधीच ओलांडली गेली होती, आणि एकदा तो कायदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही.

हा मुद्दा लेखी मांडला असता तर आणखी एक दार उघडलं असतं. दहा माणसांच्या कारखान्याला राज्य कामगार विमा लागू होतो आणि महिना २१,००० पर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. भाईंनी ती नोंदणी केलेलीच नव्हती. ‘आमच्याकडे चारच कामगार’ असं शासकीय कार्यालयात लिहून द्यायचं आणि मग चौदा बायकांनी येऊन खरं काय ते सांगायचं, यापेक्षा वाईट सुरुवात मला सुचत नाही. उत्तर आम्ही बाजूला ठेवलं.

आधी वीज, मग बाकीचं

त्याच दिवशी दोन गोष्टी करायला सांगितल्या. खोलीची वीज जोडा आणि जुलैचा पगार पूर्ण द्या.

भाईंना दुसरी पटली, पहिली पटेना. “वीज माझी, बिल माझं, मीटर माझ्या नावावर. मी का जोडू?” असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना मामलेदारांसमोरचं चित्र दाखवलं. समोर एक कुटुंब असेल, त्यांच्या हातात नववीतल्या मुलीची वह्या-पुस्तकं असतील, आणि आपल्या बाजूला कापलेली वायर. हक्क कोणाचा हे ठरायच्या आधीच वीज तोडून माणसाला घराबाहेर काढायचा प्रयत्न केला, असा अर्थ त्यातून निघतो. कायद्याआधी मला माणुसकीचंही बोलावंसं वाटलं आणि ते मी बोललो. संध्याकाळी वीज जोडली गेली.

पगाराचा मुद्दा सरळ होता. माणसाला कामावरून काढलं तर त्याची राहिलेली मजुरी दुसऱ्या कामाच्या दिवसाआत द्यावी लागते. निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान पगारातून कापता येतं, पण आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. इथे ती दिलेली नव्हती.

कोणते मार्ग होते

आता मोठा प्रश्न उरला. लढायचं की मिटवायचं, आणि मिटवायचं तर कशावर?

लढायचा मार्ग असा होता: मुकादमाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असं मांडायचं. कामावरून काढण्याआधी चौकशी झाली नसली तरी मालकाला कामगार न्यायालयासमोर पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करता येतं. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही, निष्काळजीपणामुळे मालमत्तेचं नुकसान झालं म्हणून कामगाराला काढलं असेल, तर नुकसानीएवढी ग्रॅच्युइटी जप्त करायची तरतूद आहे. भाईंचे सगळे हिशेब या तरतुदीवर उभे होते: साठ हजार वजा करा आणि उरलेले द्या.

मी त्यांना मोबाइलवरचे जुने संदेश पाहू द्यायला सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वीचा एक फोटो त्यात सापडला. बोर्म्याच्या थर्मोस्टॅटची चकती, काटा एका जागी थांबलेला, आणि खाली मुकादमाने लिहिलेलं: ‘भाई काटा अडकता, बगूक माणूस धाडा.’ भाईंनी त्यावर अंगठा पाठवला होता. माणूस काही आला नव्हता.

तो फोटो मुकादमाच्या मोबाइलमध्येही असणारच. निष्काळजीपणा कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात उलटा फिरला असता. शिवाय सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तो माणूस कामावर होता हे आपल्याच साक्षीतून बाहेर आलं असतं. कारखान्यात दिवसाला नऊ तासांपुढचं काम जादा वेळेचं आणि त्याला दुप्पट दर. चवथीआधीच्या किती रात्री असं काम झालं, ते मग कोणीही विचारलं असतं.

दुसरा मार्ग त्याला परत कामावर घ्यायचा. कायद्याच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वस्त होता. काढण्याचा आदेश मागे घेऊन परत बोलावलं, की मागच्या पगाराची वाढत जाणारी रक्कम तिथेच थांबते. हवी तर नंतर रीतसर नोटीस देऊन चौकशीही करता येते. मुकादमाचा अर्जही तेच मागत होता. मी भाईंना हा मार्ग आग्रहाने सुचवला, आणि आजही मला तोच बरा वाटतो. बोर्मा हाताच्या तळव्याने ओळखणारा माणूस सत्तरीत सहज मिळत नाही. भाई दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, गावात इतकं बोलून झालं, आता रोज समोरासमोर उभं राहणं जमणार नाही. मुकादमाची बायको कुळागरात यायची थांबली होती. त्याचं भाईंच्या आईला फार लागलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. तो मार्ग तिथे बंद झाला.

उरला तिसरा: देणी देऊन नोकरी संपवायची, तीही समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, लेखी.

दोन सारखे आकडे

इथे एक गोंधळ झाला आणि तो नोंदवण्याजोगा आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा: महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. १८,२०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ७००. पंधरा दिवसांचे १०,५००. तेरा वर्षांचे १,३६,५००. पगाराची फोड कुठेच लिहिलेली नसल्यामुळे अख्खा पगार हिशेबात धरावा लागला.

कामगार कपातीची भरपाई वेगळी. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५-एफ तेव्हा सांगत होतं की एक महिन्याची नोटीस किंवा त्या महिन्याचा पगार द्या आणि दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्या. हे कलम फक्त शंभर कामगारांच्या कारखान्याला लागतं असं भाईंना कोणीतरी सांगितलं होतं. तसं नाही, वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला ते छोट्या आस्थापनेतही लागतं. इथे २६ ने भागायचं नसतं. त्यामुळे पंधरा दिवसांचे ९,१००, तेरा वर्षांचे १,१८,३००, आणि नोटिशीचे १८,२००. बेरीज पुन्हा १,३६,५००.

योगायोगाने दोन्ही आकडे रुपयापर्यंत सारखे आले आणि भाईंची खात्री झाली की एकच रक्कम दोनदा मागितली जाते आहे. दोन कागदांवर दोन हिशेब समोर मांडले तेव्हा कुठे ते शांत झाले. ग्रॅच्युइटी इतक्या वर्षांच्या सेवेची, भरपाई नोकरी गेल्याची. एकीने दुसरी फिटत नाही.

मी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली: ग्रॅच्युइटी वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायची नाही. ती नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला दहा टक्के सरळ व्याज. करार करूनही ती कमी करता येत नाही. ‘खोली सोड, मग ग्रॅच्युइटी देतो’ हे वाक्य भाईंच्या ओठांवर होतं, आणि ते कागदावर उतरलं असतं तर गाठ पुन्हा घट्ट बसली असती. १५ सप्टेंबरला, चवथीच्या चार दिवस आधी, १,३६,५०० आणि पंधरवड्याचं साडेपाचशेच्या वर व्याज मुकादमाच्या खात्यात भरलं. सोबत हिशेबाचा कागद दिला आणि त्यावर एकही अट लिहिली नाही.

चवथीला तो चंदगडला गावी गेला. परतल्यावर पहिल्या बैठकीत त्याच्या बोलण्याचा सूर बदललेला होता. त्याने भाईंना नमस्कार केला. त्याच्यासोबत आलेल्या युनियनवाल्या गृहस्थांनी स्वतःहून सांगितलं की आता बसून बोलू.

खोलीचा प्रश्न

सगळ्यात नाजूक भाग हाच. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्या माणसाला गोव्यात मुंडकार म्हणतात. १९७५ चा मुंडकार कायदा त्याला घरातून काढण्यापासून संरक्षण देतो, पुढे ते घर विकत घ्यायचा हक्कही देतो. कित्येक कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर या कायद्याने राखलं, आणि त्याबद्दल मला आदर आहे. माणूस मुंडकार आहे की नाही, ते मामलेदार ठरवतो.

कायद्याच्या व्याख्येत काही अपवाद आहेत. गिरणी, कारखाना, खाण, कार्यशाळा किंवा व्यापारी आस्थापनेत नोकरीला असलेला आणि त्या नोकरीमुळेच मालकाच्या जागेत राहणारा माणूस मुंडकार होत नाही. भाई हे वाचून खूश झाले. पण फॉर्म एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढला तेव्हा दिसलं की खोल्या असलेलं कुळागर कारखान्याच्या सर्व्हे नंबरात नाही आणि जमीन भाईंच्या आईच्या नावावर आहे. आई कारखान्याची मालकीण नाही. वर मुकादमाची बायको त्याच कुळागरात बिनपगारी काम करत होती, म्हणजे घराचा संबंध कारखान्यापेक्षा कुळागराशी आहे असं म्हणायलाही जागा होती. आणि खोली नोकरीसाठी दिली असं सांगणारा एक ओळीचा कागदही कोणाकडे नव्हता.

आमची बाजू पडकी नव्हती. तो नोकरी लागल्यानंतरच राहायला आला होता, खोल्या आधीपासून उभ्या होत्या, वीज कारखान्याची होती, आणि चंदगडला त्याचं स्वतःचं घर होतं. तरी वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाव्यात निकाल काय लागेल, हे छातीठोकपणे सांगणं प्रामाणिकपणाचं झालं नसतं. मी भाईंना तसंच सांगितलं.

तेव्हा त्याला खरंच काय हवं आहे ते विचारायचं ठरलं. घराचा हक्क हवा आहे, की मुलीची शाळा मध्येच तुटू नये एवढंच? समेट अधिकाऱ्यांसमोरच्या दुसऱ्या बैठकीत अधिकाऱ्यांनीच तो प्रश्न विचारला. मुकादम म्हणाला, पोरांची परीक्षा होऊ द्या, मग मी इथे राहून काय करू?

काय ठरलं

नोव्हेंबर २०२३ मध्ये लेखी समझोता झाला. नोटिशीचा पगार, कपातीची भरपाई, शिल्लक रजा आणि जादा कामाचा अंदाजे मोबदला मिळून २,२०,००० रुपये, दोन हप्त्यांत. खोली एप्रिल २०२४ अखेरपर्यंत विनामूल्य, वीज चालू. अनुभवाचं प्रमाणपत्र, त्यात जुलैच्या रात्रीचा उल्लेख नाही. दुसरा हप्ता खोली सोडण्याशी बांधावा असं भाईंना वाटत होतं. आम्ही तो मार्चच्या एका तारखेशी बांधला. मुंडकार नोंदीच्या अर्जाबद्दल त्याने मामलेदारांसमोर स्वतः हजर राहून, युनियनवाल्या गृहस्थांचा सल्ला घेऊन जबाब दिला आणि अर्ज मागे घेतला. ते आम्ही समझोत्याच्या एखाद्या कलमात गुंडाळलं नाही. तो हक्क सोडायचा तर माणसाने समजून-उमजून आणि योग्य अधिकाऱ्यासमोर सोडावा, एवढी काळजी मालकाच्या सल्लागारानेही घ्यावी असं मला वाटतं.

एप्रिलच्या शेवटी खोल्या रिकाम्या झाल्या. मुकादम आता चंदगड तालुक्यातच एका काजू कारखान्यात आहे. भाईंना त्याच्या जागी माणूस मिळायला बराच वेळ लागला आणि मधल्या काळात करपलेल्या घाण्यांचा हिशेब त्यांनी मला मुद्दाम सांगितला.

कारखान्याची घडी बसवायला या भांडणापेक्षा जास्त खर्च झाला. राज्य कामगार विम्याची नोंदणी झाली. मागची वर्गणी मालकालाच भरावी लागली, स्वतःची सव्वातीन टक्के आणि कामगारांकडून न कापलेली पाऊण टक्काही, वर बारा टक्के व्याज. कारखाना म्हणून परवानाही तेव्हाच घेतला. आणि मुकादमाला ग्रॅच्युइटी मिळाली हे कळल्यावर सोलणीवरच्या सगळ्यात वयस्क बाईंनी शांतपणे विचारलं, “भाई, आमकां मेळटली?” २०११ पासूनच्या वह्या काढल्या. किलोवर काम करणाऱ्याचा रोजचा पगार शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर काढतात. पुढच्या वर्षी त्या घरी बसल्या, तेव्हा त्यांना त्यांची रक्कम मिळाली.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णय करपलेल्या सकाळचा. भाईंनी मुकादमाला कामावरून काढण्याऐवजी खुलासा मागणारं चार ओळींचं पत्र दिलं असतं, तर थर्मोस्टॅटचा फोटो त्याच दिवशी समोर आला असता. नुकसान दोघांनी मिळून सोसलं असतं, किंवा यंत्र दुरुस्त करून विषय संपला असता. एकूण देणं साडेतीन लाखांवर गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या एका संदेशाचं आहे. ग्रॅच्युइटी तेवढी केव्हातरी द्यायचीच होती.

दुसरा खोली देतानाचा, २०११ मधला. तेव्हा आईच्या सहीने आणि नोकरीचा स्पष्ट उल्लेख करून साधा करार केला असता, आणि बायकोच्या कुळागरातल्या कामाची रोख मजुरी ठरवली असती, तर दोघांनाही आपण कुठे उभे आहोत ते कळलं असतं. नव्या माणसासाठी भाईंनी ते केलं आहे. कुळागरात काम करणाऱ्या बाईला आता रोजाने पैसे मिळतात.

माझ्या बाजूने एक प्रश्न मनात आहे. परत कामावर घ्यायच्या पर्यायावर भाईंना दोनच दिवस दिले. चवथीनंतर, सूर बदलल्यावर तोच विषय पुन्हा काढायला हवा होता का? मुकादमाने त्या बैठकीत केलेला नमस्कार पाहिला तेव्हा मला तसं वाटलं होतं, पण तोवर आकडे बोलून झाले होते.

आताचा कायदा

हे सगळं जुन्या कायद्यांखाली घडलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वर उल्लेख केलेले केंद्रीय कामगार कायदे त्यांत विलीन झाले. मुंडकार कायदा राज्याचा आहे, त्याला यामुळे धक्का नाही.

भाईंसारख्या मालकाला यातले चार बदल लगेच लागतात. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं आता बंधनकारक आहे. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले, तर वरचा भाग पगारातच धरला जातो, त्यामुळे मूळ पगार छोटा दाखवून ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती चालत नाही. आणि काम सुटलं, स्वतः सोडलं किंवा काढलं, तरी मजुरीचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतली संख्या दहावरून वीसवर गेली आहे. ते वाचून काही मालकांनी सुटकेचा श्वास सोडल्याचं मी ऐकतो. ग्रॅच्युइटीची संख्या मात्र दहाच आहे आणि सोलणीच्या टेबलावरच्या बायका तीत मोजल्या जातात.